काळ्या बटणाचं बोलावणं

विजेचं मला कुणी शिकवू नये! माहेरी फ्यूज उडाला की सगळं घर काळोखात बसून माझ्याच नावाचा जप करायचं. मी स्टुलावर चढायची, तार बांधायची आणि घरात उजेड पडायचा. त्यामुळे आम्ही हे जुनं घर घेतलं आणि नवरा वायरिंगच्या नावानं उसासे टाकू लागला, तेव्हा मी ऐटीत म्हटलं, "भिंतीच्या पोटातलं आपल्याला कुठे दिसतंय? आणि मी आहे ना!"

मला हे घर आवडलं ते खिडकीसाठी. असा रुंद कट्टा, की पाय पोटाशी घेऊन बसावं आणि दुपारच्या उन्हानं मांजरासारखं मांडीवर येऊन निजावं. नवऱ्याला खिडकी दिसलीच नाही. त्याला दिसली खिडकीशेजारी लोंबणारी वायर!

"हे बघ," तो म्हणाला, "वायरमन बघून जाईपर्यंत एकही खोकं उघडायचं नाही. तो म्हणाला राहण्यासारखं नाही, तर सरळ परत भाड्याच्या घरात. तिथली किल्ली अजून माझ्या खिशात आहे."

म्हणजे माझी खिडकी वायरमनच्या जिभेवर! मी ठरवलं, तो यायच्या आत या घराला वळण लावायचं.

पण घर कसलं ऐकतंय! हॉलमधलं बटण दाबलं की बेडरूमचा पंखा फिरायचा. पंख्याचं दाबलं की न्हाणीघरातला दिवा लागायचा, तोही डोळे मिचकावत. दारावरची बेल वाजली की फ्रीज दचकून गप्प व्हायचा. उजव्या पायाला चिमटा काढावा आणि माणसानं डाव्या कानानं ओरडावं, तशातली गत! माझ्या तोंडून ओवीच आली:

बटण दाबिते दिव्याचं, पंखा फिरे गरागरा
घर माझं गं भाबडं, वळण लावा कुणी जरा!

"ओव्या पुरेत," नवरा म्हणाला. "ते काळं बटण कशाचं, ते सांग."

स्वयंपाकघरात, ओट्याच्या वरच्या अंगाला, एक गोल काळं बटण होतं. मी दाबलं. काही नाही. दिवा नाही, पंखा नाही, ठिणगीसुद्धा नाही. घरातलं एकमेव शहाणं बटण!

एवढ्यात दार वाजलं. दारात शेजारचे काका. केस चापूनचोपून बसवलेले, इस्त्रीचा शर्ट आणि हातात रिकामा कप!

"आलो हो, आलो!" म्हणत ते थेट स्वयंपाकघरात आले, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि प्रेमळपणे माझ्याकडे बघू लागले. मीही बघितलं. मग मी कपात पाणी ओतून दिलं. ते प्यायले, "बरं आहे मग," म्हणाले आणि गेले.

"एकटा माणूस आहे," नवरा म्हणाला. "करमत नसेल."

दुसऱ्या दिवशी मी बटण दाबलं आणि नवरा खोल्याखोल्यांतून "इथे नाही! इथेही नाही!" ओरडत फिरला. काका हजर! एका हातात कप, दुसऱ्या हातात साखरेची पुडी.

"म्हटलं, संपली असेल," ते म्हणाले.

"अगंबाई, कशाला हो?" मी पुडी ठेवून घेतली, आभार मानले आणि त्यांना हसतमुखानं दारापर्यंत पोचवलं. जाताना ते कपात डोकावून बघत होते.

पुन्हा बटण दाबून बघितलं, त्या खेपेला कप आणि दूध! मी दूध फ्रीजमध्ये ठेवलं.

"अगं, हा माणूस हप्त्याहप्त्यानं आपल्याकडे राहायला येतोय," नवरा कुजबुजला. "उद्या गादी आणेल!"

अखेर वायरमन आला. बोलणं कमी, चेहरा नाडी बघणाऱ्या डॉक्टरसारखा. एका वायरीला बोट लावलं तर तिचं आवरण वाळक्या पानासारखं गळून पडलं.

"हं," तो म्हणाला.

मी घाईघाईनं त्याला काळ्या बटणाशी नेलं. तो शिडी लावून माळ्यावर चढला आणि तिथून ओरडला, "ताई, दाबा! सोडा! दाबा! सोडा! भराभर!"

मी दाबत सुटले. पायपेटी चालवावी तशी!

आणि गल्लीत कालवा उठला. काका अनवाणी धावत आले. त्यांच्या मागे दुकानदार, शिंपी, समोरच्या ताई आणि खाट उचललेले दोन पैलवान!

"कोण पडलं? शॉक कुणाला बसला? मेन बंद करा!"

नवऱ्यानं झेप घेऊन मेन स्विचचा दांडा खेचला. मेन बंद झाला. दांडा नवऱ्याच्या हातात आला!

"कुणीच पडलं नाही," मी म्हटलं. "पण तुम्ही का आलात?"

काका धापा टाकत स्टुलावर बसले. "घंटा वाजली ना! त्या बटणाची घंटा माझ्या घरात आहे, माझ्या बॅटरीवर. तुमच्या आधी या घरात मास्तर राहायचे, ते एकटे, तिथे मी एकटा. एकदा वाजली तर चहा टाकलाय, या. भराभर वाजली तर पडलोय, धावा. खरंच पडले होते एकदा, या सगळ्यांनीच उचललं. मग लेकीकडे गेले राहायला. तेव्हापासून घंटा मुकीच." ते जरा थांबले. "परवा वाजली, तेव्हा वाटलं, नवी माणसं चांगली दिसतात. आल्या आल्या बोलावलं!"

आणि मी त्यांना पाणी पाजलं होतं!

वायरमन माळ्यावरून उतरला. नवऱ्यानं विचारलं, "राहण्यासारखं आहे?"

"शिरा सगळ्या बदलायच्या," वायरमन म्हणाला. "काळीज शाबूत आहे. ही घंटेची तार कापू?"

खाट घेऊन उभे असलेले पैलवान माझ्याकडे बघत होते. मी नवऱ्याकडे. नवरा दांड्याकडे.

"नको," तो म्हणाला. "आणि आपलं चहाचं पातेलं कुठल्या खोक्यात आहे गं?"

त्यानं स्वतःच्या हातानं पहिलं खोकं फाडलं. निघाल्या उशा. दुसऱ्यात चपला. मग पैलवानांनी बाह्या सरसावल्या, समोरच्या ताईंनी कात्री आणली, शिंप्यानं पडदे झटकून खिडकीला लावूनही टाकले! अगदी तळातल्या खोक्यात पातेलं सापडलं, तेव्हा अख्खा संसार जमिनीवर पसरला होता. किल्ली खिशात असून उपयोग नाही, एवढं सामान पुन्हा बांधणार कोण?

नवऱ्यानं विजयी मुद्रेनं पातेलं शेगडीवर ठेवलं. बटण दाबलं. शेगडी विजेची, आणि मेनचा दांडा त्याच्याच काखेत!

"चला," काका उठले, "माझ्याकडे करू."

गेलो सगळे. काकांनी मोठ्या उत्साहानं आधण ठेवलं, फडताळ उघडलं, दोन रिकामे डबे पाहिले आणि सावकाश माझ्याकडे वळून पाहिलं. दूध आमच्या फ्रीजमध्ये, आणि फ्रीजपुढे खोक्यांचा डोंगर. साखरेची पुडी त्या पसाऱ्यात कुठे गेली, देव जाणे!

कोरा, बिनसाखरेचा चहा सगळी गल्ली मुकाट्यानं प्यायली. मी तर दोनदा मागून घेतला. विजेचं मला कुणी शिकवू नये. चहाचं मात्र शिकते आहे.