बाद झालेला पंच

हाशानानाला काही विचारलं की तो एक बोट वर करून, गाल फुगवून उभा राहायचा. कोंडलेला दम सुटला की मग उत्तर. आमच्या बाळकुम गावात त्याच्याशी बोलायला वेळ काढूनच जावं लागे.

हा सगळा सराव हुतूतूच्या पंचपणासाठी. चढाईत गड्याचा दम तुटला की तो बाद. इतर पंच ते कानांनी ओळखत. नानाचा कानांवर काडीचा भरवसा नव्हता. साठीतला हा माणूस गड्याच्या नाकासमोर कमरेत वाकून, स्वतःचाही दम कोंडून, उलट्या पावली धावायचा. पोरांची डोकी आपटून पुढचे दोन दात गेले, गुडघे तर कायमचे सोललेले. कुणी हटकलं की म्हणे, "मिठाची टोपली डोक्यावर घेऊन एका दमात आगर पार केलाय. माला नको शिकवू!"

एका शिमग्याला खाडीपलीकडच्या कोपर गावची पोरं होडीने खेळायला आली. आमचे चार गडी बाद होऊन बसले होते. त्यात पहिला मी. आमचा बाळ्या चढाईला गेला. त्याचं "हुतूतू" जोरात चालू असताना नाना खोकला आणि ओरडला, "बाद!"

"कोन बाद?"

"मी!"

आणि खुशाल आमच्या रांगेत येऊन बसला.

ठाण्याहून आलेले मास्तर पगडी सावरत म्हणाले, "अहो, पंचाला बाद होता येत नाही!"

"दम तुटला नं? नेम सगल्यांना सारका."

माझं डोकंच फिरलं. "नाना, मग घरी तरी जा!"

"घरी दम कोंडला काय नि सोडला काय, बघतो कोन?" तो खाली बघत म्हणाला. "पन आता पुरत नाय रं. उभा रायलो तं पोरांना फसवीन."

मला माझीच लाज वाटली.

इतका वेळ बाळ्याचं "हुतूतू" चालूच होतं! तो एकाला शिवून परत आला. कोपरच्या पोराने आपणहून हात वर केला, "लागला." त्यांचा एक बाद, म्हणजे आमचा एक उठणार. पाळी माझी होती.

"नाना, ऊठ."

"नंबर तुजा हाय."

"ऊठ म्हणतो ना!"

गुडघ्यांवर हात टेकत नाना उठला. कोपरचा गडी चढाईला उभा होता. नाना समोर येऊन वाकेपर्यंत तो थांबला, नानाने दम घेतल्यावर त्याने घेतला, आणि निम्म्यातूनच मागे फिरला. त्या दिवशी मग दोन्हीकडच्या एकाही पोराने लांब चढाई केली नाही.