दरडोई भरीत

राजदीप सर तीन वर्षं जळगावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवत होते. आज संस्थेचे अध्यक्ष गिरधर आबा त्यांचा तास बघायला येणार होते. तास आवडला तर नोकरी कायम, नाही तर गाशा गुंडाळून धुळ्याला परत. विषय होता ‘देशादेशांच्या राहणीमानाची तुलना’. मागच्या वर्षी याच विषयाचे तक्ते दाखवताना निम्मा वर्ग झोपला होता, म्हणून या वेळी सरांनी भरीत आणलं.

वर्गाचे दोन देश झाले. खिडकीकडचा पाचोरा, दाराकडचा मेहरूण. प्रत्येकी वीस माणसं, चार किलो भरीत आणि पुऱ्या.

“दरडोई उत्पादन दोनशे ग्रॅम, दोन्हीकडे सारखं,” सर म्हणाले. “फरक फक्त आर्थिक स्वातंत्र्याचा. पाचोऱ्यात हवं तेवढं स्वतः घ्यायचं. मेहरूणमध्ये सगळं सरकारच्या हातात.”

सरकार म्हणजे सरांच्या आई नर्मदाबाई. भरिताची पातेली परक्याच्या हाती द्यायला त्या तयार नव्हत्या, म्हणून धुळ्याहून सोबतच आल्या होत्या.

“बठ्ठा ओळमा बसा,” सगळ्यांना ओळीत बसवत सरकारने फर्मान काढलं. “कोनी उठाव नही. ताटमा टाकाव नही.”

सरांनी फळ्यावर भाकीत लिहिलं : पाचोरा पुढे जाईल. पण पाचोऱ्यात पातेलं उघडं होतं आणि डावाला कोणी हात लावेना.

“तू घे ना आधी.”

“छे छे, तू घे.”

खान्देशातली पोरं ती. कोणी आग्रह केल्याशिवाय पहिला डाव भरून घ्यायचा म्हणजे लाज गेली. तिकडे मेहरूणमध्ये नर्मदाबाई ‘आखो ले, इतलाशा काय खास?’ म्हणत, एवढंसं खाल्लेलं चालणार नाही असा आग्रह करत, नको-नको म्हणणाऱ्याच्या ताटात वाढत होत्या.

“सर, तिकडे गेलं तर चालेल?” पाचोऱ्यातून पहिला आवाज आला.

सरांची पंचाईत झाली. नाही म्हणावं तर स्वातंत्र्य गेलं. “जा,” ते म्हणाले. दहा मिनिटांत पाचोऱ्यात एकटी रूही उरली.

नेमके तेव्हाच आबा आत आले. दाराशी एकोणचाळीस जणांची पंगत, खिडकीशी भरल्या पातेल्यापुढे एक मुलगी.

“हा तास आहे का जेवणावळ?”

“तुलना चालू आहे, आबा.”

“मग कोणता देश पुढे?”

सरांनी घाम पुसत भागाकार केला. “पाचोरा. दरडोई चार किलो. स्वातंत्र्यही पूर्ण.”

“मग लोक पळाले का?”

सर पुन्हा भागाकार करू लागले. आबा रूहीकडे वळले. “बेटा, तू तर जगात सगळ्यात श्रीमंत. खात का नाहीस?”

“रोजा आहे, आबा.”

आबा बाकावर बसले. “म्हणजे जो देश पहिला, तिथल्या माणसानं सकाळपासून घास खाल्ला नाही?”

“स्वतःच्या मर्जीने, आबा,” सर घाईने म्हणाले. “ते स्वातंत्र्यात धरता येईल.”

“आणि इकडे स्वातंत्र्य किती?”

“शून्य.”

“आणि गर्दी इकडेच?”

“हो.” सरांनी फळ्यावरचं भाकीत पुसलं, मग परत लिहिलं, मग परत पुसलं.

एवढ्यात नर्मदाबाई सरहद्द ओलांडून आल्या. त्यांनी पुऱ्यांचा रिकामा डबा रूहीसाठी दाबून भरला. “सांजले रोजा सोडाना टाइमले खाय, पोरी. घरनासले बी दे.” उरलेलं पातेलं उचलून त्या आबांकडे वळल्या. “आबा, तुम्ही बी बसा.”

“मला डॉक्टरांनी तेल...”

“बसा.”

आबा पंगतीत बसले. तीनदा नको म्हणाले, तीनदा घेतलं. उरलेलं पंगतीने संपवलं. मग हात धुऊन त्यांनी शेरा लिहिला : ‘विषय मला समजला नाही. विद्यार्थ्यांना समजला नसावा. शिक्षकांनाही शंका दिसते. मात्र चाळीसपैकी एकही विद्यार्थी तास सोडून गेला नाही. कायम करावे.’

सरांनी तो कागद चार वेळा वाचला. डोळे भरून आले आणि मग एकदम भूक लागली. सकाळपासून काळजीपायी त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता.

“आई, मला वाढ ना.”

“तुले काय वाढाव?” नर्मदाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. “तू तं स्वातंत्र्यवाला शे. ले तुना हाते. कोनी रोकेल शे का?”

सरांनी पातेल्यांत डोकावून पाहिलं. दोन्ही देश चाटूनपुसून रिकामे होते.