सतारकुलचं उन्हाळी डिझेल

पानगळीतच सतारकुलने ट्रकची टाकी काठोकाठ भरली आणि गावभर सांगत सुटला, "थंडीत पंपावर तुम्ही लाइन लावा. आपलं काम झालं!"

डिझेल होतं उन्हाळी. बायको बुरुल्चा म्हणाली, "अहो, थोडं रॉकेल घाला त्यात. गोठेल."

"अगं, तू तुझं डोकं कणकेला लाव."

जानेवारीत, नेमक्या हाडं फोडणाऱ्या थंडीत, लेकीच्या सासरी, खिंडीपलीकडच्या गावात, नातवाची दोरी कापायचा दिवस उजाडला. नुकतं चालायला लागलेल्या पोराच्या पायांना लोकरीची दोरी बांधतात, सगळे लांबून पळत येतात, पहिला येईल त्याने ती कापायची. पोर जन्मभर त्याच्यासारखंच चालतं म्हणे. व्याही तोक्तोसूनने आधीच जाहीर केलेलं, "आमच्याच घरचं कुणीतरी कापणार." सतारकुलला मिरच्या झोंबल्या. साठी उलटलेला गडी, निघाला पोराटोरांशी शर्यत लावायला!

पण ट्रक कुठे निघतोय? चावी फिरवली, खोकला, गप्प. टाकीत डोकावला तर गार रश्श्यावर चरबी धरते तसा थर!

मग साहेबांनी घमेलंभर गोवऱ्यांचे निखारे टाकीखाली सरकवले. (तुम्ही करू नका. मी एकदा केलंय, भुवया अजून आल्या नाहीत.) धूर उठला. आता आमच्या गावात सकाळच्या पारी कुणाच्या अंगणात एवढा धूर म्हणजे पाहुणे, आणि पाहुणे म्हणजे मटण. निघाले लोक.

"कोण आलंय रे, सतारकुल?"

"कुणी नाही! ट्रक शेकतोय!"

"असू दे. आलोच आहोत तर..."

दारात आलेल्याला रोटीचा तुकडा मोडल्याशिवाय परत धाडायचं पाप कोण घेणार? रोटीमागे चहा आला, चहामागे (मला धरून) अकरा जण ऐसपैस बसले. बुरुल्चाने रोट्या मांडल्या, डोक्याला रुमाल बांधला आणि शेजाऱ्याचा घोडा मागून घेतला.

"मी पुढे होते. तुम्ही ट्रकला चहा पाजून या."

दुपारी ट्रक सुरू झाला खरा. खिंडीतला वारा लागला आणि लेकीच्या गावाच्या मैलभर अलीकडे पुन्हा बसला. सतारकुल उतरला आणि लोकर ठोकून केलेल्या जाड नमद्याच्या बुटांत, गोधडीएवढ्या कोटात, बर्फातून पळत सुटला.

गल्लीत पोरं रांगेत उभी. "एक, दोन, ती..."

मागून धापा टाकत आलेलं हे धूड रांग फोडून, चार पोरं आडवी करून थेट नातवापुढे कोसळलं.

"आजोबा पहिले!" लोक ओरडले.

एक चिमुरडी पाय आपटत म्हणाली, "चीटिंग! हे आधीपासूनच पळत होते!"

"कुठून पळायचं ते कुणी ठरवलं होतं?" सतारकुल म्हणाला आणि कात्री हिसकावून दोरी कापलीसुद्धा.

पोर उठलं. डुलत डुलत पळालं. सतारकुलने दोन्ही हात पसरले. पोराने त्यांना वळसा घातला आणि जाऊन बसलं तोक्तोसूनच्या मांडीवर.

बुरुल्चा म्हणाली, "बरं झालं बाई. पाय यांचे घेतले, डोकं तरी व्याह्यांचं घेतलं."