भालेरावकाकांचे मंत्रिमहाशय

आमच्या शेजारच्या भालेरावकाकांना न विचारता केलेलं काहीही खपत नाही. आमच्या दोघांच्या मधलं कुंपण मी एका शनिवारी रंगवायला घेतलं, तर काका बाहेर येऊन म्हणाले, "कन्सल्टेशन झालं का?" मग माझी बायको, मुलगी आणि पलीकडच्या आयरिश बाई अशी आमच्याच किचनमध्ये बैठक बसली. रंग माझ्या मताविरुद्ध ठरला. बैठकीचा वृत्तान्त काकांनी क्रमांक घातलेल्या परिच्छेदांत लिहून आमच्या लेटरबॉक्समध्ये टाकला. त्यात माझं नाव गैरहजरांत होतं, कारण मी सगळ्यांसाठी चहा करत होतो.

काका इथल्या, लंडनच्या कौन्सिलच्या हाउसिंग खात्यातून रिटायर झाले आणि त्यांनी एका जुन्या रशियन मुत्सद्द्याचं चरित्र मराठीत लिहायला घेतलं. त्या काळी रशियात जमिनीबरोबर माणसंही विकली जात. ती भूदासांची पद्धत मोडणारा कायदा ज्यांनी तयार केला, त्यांतला हा एक प्रमुख. काका त्यांना 'मंत्रिमहाशय' म्हणतात. काकांच्या आजोबांना गावात वतनाची कामं करावी लागत. बोलावलं की जायचं, नाही म्हणायची सोय नव्हती. त्यामुळे उमरावांच्या शिव्या खाऊन हे काम तडीस नेणाऱ्या माणसावर काकांचा भारी जीव.

"पण एक गोष्ट मी त्यांना माफ करणार नाही," काका म्हणतात. "एवढी मोठी समिती, आणि तिच्यात एकही भूदास नाही. ज्यांची सुटका करायची, त्यांनाच विचारलं नाही."

टायपिंग माझ्याकडे आहे. मला झकास मराठी टायपिंग येतं, असं मी वेम्बलीतल्या एका कार्यक्रमात फुशारकीनं सांगून बसलो होतो. आता रोज स्टॅनमोरहून ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये दोन बोटांनी मंत्रिमहाशय बडवतो.

यंदा हिवाळ्यात कुसुमकाकूंना स्ट्रोक आला. त्यांना समजतं सगळं, बोलता येत नाही. मिल्टन कीन्सला राहणाऱ्या मुलानं दोघांना कायमचं तिकडे बोलावलं. काका घुटमळत होते, तेव्हा मी शहाणपणा केला. जिने, बाथरूम, मुलाचा आधार यांवर त्यांना अर्धा तास ऐकवलं. एवढं माझं घरीसुद्धा कुणी ऐकून घेत नाही, त्यामुळे मला थांबवेना. काका हो म्हणाले आणि घर विकायला काढलं.

गेल्या रविवारी नवीन पानं आणायला गेलो. भूदासांना न विचारणाऱ्या त्या समितीवरचा परिच्छेद काकांनी आणखी कडक केला होता. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. काकू नेहमीसारख्या खिडकीशी बसल्या होत्या. पानं गोळा करताना मी सहज म्हणालो, "काका, जाण्याबद्दल काकूंचं काय म्हणणं आहे?"

"अरे, तिला बोलता कुठे येतं," काका म्हणाले, आणि पेनाचं टोपण लावता लावता थांबले. त्यांचा चेहरा पार उतरला. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं अर्ध्या तासाचं भाषण मी काकूंच्या देखतच ठोकलं होतं, आणि एकदाही त्यांच्याकडे वळून पाहिलं नव्हतं.

थेरपिस्टनं त्यांना एक खूण शिकवली होती. हात एकदा दाबला की हो, दोनदा दाबला की नाही. आजवर ती वरणभात हवा का, टीव्ही लावू का, एवढ्यापुरतीच वापरात होती. काका खुर्ची ओढून काकूंच्या समोर बसले आणि त्यांचा डावा हात त्यांनी हातात घेतला.

"कुसुम, मुलाकडे राहायला जायचं का?"

काकूंनी हात दोनदा दाबला.

"मग इथंच राहायचं?"

एकदा.

खरं तर मी उठून जायला हवं होतं, पण पाय निघेना. काका अगदी हळू म्हणाले, "तुला न विचारता मी हो म्हणून बसलो. चुकलं माझं."

काकूंनी हात दाबला. एकदाच, पण चांगला जोरात.