लिवलं नाई, तं लागलं नाई

मोतीराम ऑपरेटरने आमच्या घरचा चहा एकदा चक्क परत केला. का, तर आम्ही नवा स्टोव्ह घेतला होता आणि तो भडकला तर काय करायचं, हे स्वयंपाकघराच्या भिंतीवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. "मास्तर, लिवलं नाई, तं लागलं नाई," म्हणून गडी उठून चालता झाला. बायकोने त्यानंतर जे ऐकवलं, ते मात्र मला.

आमच्या केनवडचं नळाचं पाणी या माणसाच्या हातात होतं. पंपघराची किल्ली कायम त्याच्या कमरेला. पंपाला कुणी नवं काहीही बसवलं, की ते कशासाठी आहे, चालू कसं होतं, बंद कसं होतं, हे बसवणाऱ्यानेच भिंतीवर लाल रंगाने लिहायचं, असा त्याचा कायदा; लिहिलं नाही, तोवर ती वस्तू लागलीच नाही, म्हणजे बसवलीच नाही. वायरमनने एकदा नुसतं 'नवीन खटका' लिहिलं, तर मोतीरामने त्याची सायकलच अडकवून ठेवली. "खटका हाय, हे मले बी दिसते. दाबला तं काय होते, थे लिव!"

त्याची बायको वारल्यापासून तो एकटाच. एकुलती एक लेक कारंज्याला दिलेली, पण तिच्याकडे तो कधी गेला नाही. पहिला नातू याने पाहण्याआधीच धावायला लागला. विचारलं की म्हणायचा, "म्या गेलो तं पानी कोन सोडीन?"

एकदा बाजाराच्या बाजूला पाणी न्यायला नवा व्हॉल्व्ह बसला. उद्घाटनाला सरपंच गळ्यात हार घालून आले, इंजिनिअर साहेब आले. आणि पंपघराच्या उघड्या दारात मोतीराम मांडी घालून बसलेला, शेजारी पत्र्याची ट्रंक.

"लिवा पयले. पोरीले दुसरं लेकरू झालं. म्या आज कारंज्याले जाऊन राह्यलो. माह्या मागं कोन चालवीन?"

"अहो, त्यात लिहायचं काय? कुणीही चालवील," साहेब म्हणाले.

"हा कोनीबी राह्यते कुठं? पहाटं पानी सोडाले येते का थो? नाव सांगा त्याचं."

"मोत्या, नोकरी जाईन तुई!" सरपंच कडाडले.

"जाऊ द्या. नवा येईन, थो बी हेच इचारीन."

मी म्हणतो, हट्टी असावं तर असं!

सरपंच त्याला ओलांडून आत गेले. पंप चालू केला, जुनी लाइन बंद केली आणि मग सवडीने नव्या व्हॉल्व्हला हात घातला. नवा आधी उघडायचा, जुना नंतर बंद करायचा, हे साहेबांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. पाण्याला वाट उरली नाही. पाइपाचा जोड उडाला आणि सरपंच हारासकट न्हाले.

"साहेब, लिवा नं आता!" हे ओरडले ते सरपंच.

जोड बसला, साहेब लिहायला लागले. मोतीरामने दोनदा पुसायला लावलं. "'योग्य वेळी उघडावा' म्हंजे कवा?" मग त्याने गर्दीतून माझ्या बायकोला पुढे बोलावलं. तिने पंपघर आतून कधी पाहिलं नव्हतं. "वयनी, वाचा अन् चालवा. म्या तोंड उघडनार नाई." आणि भिंतीकडे पाठ करून उभा राहिला. तिने एकेक ओळ मोठ्याने वाचत पंप चालवला. बाजारातल्या नळाला पाणी आल्याची आरोळी ऐकू आली, तेव्हा मोतीरामने डोळे पुसले, किल्ली खिळ्याला अडकवली आणि ट्रंक उचलली.

त्याला एस.टी.त बसवून द्यायला मी गेलो. "परत कधी येणार?" म्हटलं, तर खेकसला, "भिंतीवर सारं लिवलं हाय नं? मंग मले कायले इचारता?"

गाडी हलली आणि त्याने घाईघाईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चेहरा उतरलेला.

"मास्तर, तान्ह्या लेकराले उचलतेत कसं हो? म्या तं पार इसरलो!"

गाडी वळेपर्यंत मी भर रस्त्यात दोन्ही हातांची झोळी करून उभा होतो आणि ओरडून सांगत होतो, "एक हात मानेखाली! मानेखाली!"