नाटकही चालू, अभ्यासही चालू

एकतीस मार्चला दुपारी चार वाजता कलाश्रय नाट्यगृहाचे मानद कार्यवाह उत्तरेश्वर कानडे प्रेक्षागृहाच्या दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते. समोर खुर्च्यांवर एकोणचाळीस विद्यार्थी बसले होते आणि त्यांतला एकही हलत नव्हता. पाच वाजता नाटक होते.

"मुलांनो, आज लवकर सुट्टी!" कानडे तिसऱ्यांदा म्हणाले.

कुणीतरी न बघताच दाराकडे बोट दाखवले. दारावर कानड्यांनी स्वतः रंगवून घेतलेली पाटी होती. 'इथे अधिकारी घडत आहेत. शांतता राखावी. शांतता राखूनही अधिकारी न घडल्यास संस्था जबाबदार नाही.'

शनिवार पेठेतल्या या नाट्यगृहाला करोनानंतर जी उतरती कळा लागली, ती काही थांबली नव्हती. नाटकवाल्यांना एसी हवा होता. लग्नवाल्यांना पार्किंग हवे होते. कलाश्रयाकडे सहा पंखे होते आणि त्यांतले चार फिरत. मग कानड्यांनी दोन वर्षांपूर्वी खुर्च्यांना प्लायवूडच्या फळ्या ठोकल्या, बुधवार पेठेतून ट्यूबलाइट आणल्या आणि स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी अभ्यासिका काढली. वीजबिल भरले गेले, गळके छप्पर दुरुस्त झाले. ज्यांना नाटक पाहायला वेळ नाही अशा मुलांच्या जिवावर नाट्यगृह तगले, आणि कानडे ही गोष्ट अभिमानाने सगळ्यांना सांगत.

फळीवर कोपर टेकून बसलेली तनया उठून आली. ही वाशिमची. गेली दोन वर्षे तिसऱ्या रांगेतली पहिली खुर्ची तिची होती.

"सर, पूर्वपरीक्षा पंधरा दिवसांवर आली. आम्ही कुठं जाणार?"

"अगं, एकच दिवस."

तनयाने पुस्तकातून खुणेसाठी ठेवलेली पावती काढली. पावतीमागे छापले होते, 'अभ्यासिका वर्षाचे ३६५ दिवस, सकाळी आठ ते रात्री आठ चालू राहील. कोणत्याही सबबीवर बंद राहणार नाही.' खाली कानड्यांची सही होती. कानड्यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती. छापील मजकुराखाली स्वतःची सही दिसली की त्यांचा आवाज आपोआप खाली येई.

"हे मीच लिहिलंय?"

"दोनदा अधोरेखित पण केलंय, सर."

नाटक उद्यावर ढकलायची सोय नव्हती. कलाश्रयाची जागा १९६१ साली घैसास नावाच्या गृहस्थांनी दान दिली होती. दानपत्रात एक अट होती: दरवर्षी मार्चअखेरपर्यंत किमान एक नाटक किमान पन्नास श्रोत्यांसमोर व्हावे, न झाल्यास जागा वारसांकडे परत जाईल. साठ वर्षे ही अट कुणी वाचली नव्हती. यंदा दात्यांचे चिरंजीव आनंदराव यांनी वाचली, किंवा एका बिल्डरने त्यांना वाचून दाखवली. त्यांचे रजिस्टर पत्र आले होते: 'एकतीस तारखेस सायंकाळी पाच वाजता श्रोते मोजण्यास येत आहे. चहा नको.'

संस्थेच्या हौशी मंडळींनी बसवलेला 'कमळाकाकूंचा पोपट' खरे तर जानेवारीतच व्हायचा. पण नायक सोनबा शेलारांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन निघाले. सोनबांचे वय सदुसष्ट आणि नाटकात ते कॉलेजकुमार. रात्री आठनंतर प्रयोग ठेवावा, तर अर्धे नट आठ वाजता जेवून झोपणारे.

कानडे हताश होऊन तिकीट खिडकीशी गेले. तिथे जावेदभाई बसले होते. तीस वर्षे ते कलाश्रयाची प्रकाशयोजना करत, आणि हल्ली तिकिटेही विकत.

"किती गेली?"

"अकरा," जावेदभाई म्हणाले. "त्यात चार नटांच्या बायका."

कानडे मटकन स्टुलावर बसले. एकोणचाळीस माणसे कमी! उद्यापासून इथे आनंदरावांची पाटी लागणार, आणि तीही नीट रंगवलेली नसणार, या विचाराने त्यांना खरोखर रडू आले.

"साहेब," जावेदभाईंनी विचारले, "आत पोरं किती आहेत?"

"एकोणचाळीस."

"मग हाकलताय कशाला? मोजा की."

कानडे उठले ते जवळजवळ धावतच आत गेले. मघाशी 'उठा' म्हणणारा माणूस आता 'बसा, बसा' म्हणत आला, तेव्हा पोरांना वाटले सरांची तब्येत बरी नाही. जागेची हकीकत कळल्यावर तनयाने मागे जाऊन चारचौघांशी कुजबूज केली आणि अटी घेऊन परत आली.

"बसतो, सर. पण पुस्तकं मिटणार नाही. लाइट चालू ठेवायचे. घंटा नको, पेटी नको. आणि नटांनी हळू बोलायचं."

"हळू? नाटकात?"

"पाटी तुमचीच आहे, सर."

सोनबांना हे कळले तेव्हा ते मिशी काढत होते. "म्या जत्रंत कामं केल्याली हायेत," ते म्हणाले. "शेवटच्या बैलगाडीपत्तुर आवाज जायाचा माझा. हळू बोललं की मला पुढचं वाक्यच आठवत न्हाई."

"नम्रता आहे ना प्रॉम्प्टिंगला."

"ती वाघोलीत अडाकली हाय ट्रॅफिकमधी. नाटकाची वही बी तिच्याच पिशवीत हाय."

तेवढ्यात पाचला पाच कमी असताना आनंदराव घैसास आले. हातात दानपत्राची झेरॉक्स, खिशात दोन पेने. त्यांनी उभ्यानेच बोट फिरवत माणसे मोजली. पन्नास भरली. त्यांनी पुन्हा मोजली, या वेळी उजवीकडून. तरीही पन्नासच.

"हे श्रोते?" त्यांनी एका मुलाकडे बोट केले. "याच्या कानात कापसाचे बोळे आहेत."

"सर्दी असेल," कानडे म्हणाले.

"एकोणचाळीस जणांना? कानडे, श्रोता म्हणजे ऐकणारा. ही मुलं वाचताहेत. यांनी ऐकलं असं मला दिसलं, तरच लिहीन. नाहीतर अकरा."

ते पहिल्या रांगेत बसले आणि घंटेशिवाय पडदा वर गेला.

पहिला अंक कुजबुजत पार पडला. दिवाणखान्यातली भांडणे आजाऱ्याच्या उशाशी चालल्यासारखी वाटत होती. नटांच्या बायका "काय म्हणाले?" असे एकमेकींना विचारत होत्या. विद्यार्थी पाने उलटत होते. आनंदरावांनी कागदावर 'अकरा' लिहिले आणि त्याखाली रेघ मारली.

मध्यंतरात चष्मा लावलेला एक मुलगा दप्तर भरून तणतणत निघाला. "काय कटकट आहे! इतिहासाचं एक पान झालं नाही माझं!"

कानडे त्याच्यामागे रस्त्यापर्यंत गेले, पण तो थांबला नाही. एकोणचाळीस जणांत खरा अभ्यास करणारा तो एकटाच होता, हे नंतर उघड झाले.

दुसऱ्या अंकात सोनबा घाईघाईने आत आले, कमळाकाकूंसमोर उभे राहिले आणि थांबले. त्यांनी विंगेत पाहिले. विंगेत खुर्ची होती, नम्रता नव्हती. त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिले. कापडी पोपटाकडूनही मदत होण्यासारखी नव्हती. आनंदरावांनी घड्याळ पाहिले.

तेवढ्यात मागून, नकाशाच्या पुस्तकात डोके घातलेल्या एका मुलाचा आवाज आला. "काकू, पिंजरा बंद आहे, पण पोपट बाहेर कसा?"

"काकू, पिंजरा बंद आहे, पण पोपट बाहेर कसा?" सोनबा म्हणाले. या वेळी जत्रेतल्या आवाजात.

पुढच्या वाक्याला ते पुन्हा अडले. आता चार ठिकाणांहून चार आवाज आले. तीन महिने रोज दुपारी तीन ते पाच या पोरांच्या समोर, बंद पडद्यामागे, तालीम झाली होती. कानात बोळे होते खरे, पण सोनबांच्या आवाजापुढे कापूस काय टिकणार? राज्यघटनेची कलमे पाठ होईनात आणि पोपट मात्र अख्खा पाठ झाला होता.

तिसऱ्या अंकात पुस्तके मिटली. कधी मिटली ते कुणाला कळले नाही. सोनबा जोरात होते, आणि त्या जोरात त्यांनी दोन पाने गाळली. नागपूरचे मामा थेट दारात येऊन उभे राहिले.

"तार राहिली!" अडतीस आवाज एकदम म्हणाले.

सोनबा गोंधळले. मामा दारातच घुटमळले. कमळाकाकू म्हणाल्या, "राहू द्या आता, आलेत तर येऊ देत."

"असं कसं येऊ देत?" पहिल्या रांगेतून आनंदराव ताडकन उठले. "मामा येणार हे काकूंना कळलं कसं? आधी तार घ्या! पहिल्या अंकात काकू स्पष्ट म्हणाल्यात, न कळवता येणाऱ्या पाहुण्याला दार उघडणार नाही!"

मामा परत गेले. तार आली. मग मामा रीतसर आले, पोपट सापडला, सोनबांचे लग्न ठरले आणि टाळ्या अशा वाजल्या की जावेदभाई तिकीट खिडकी सोडून आत पाहायला आले.

पडदा पडल्यावर आनंदरावांनी पेन काढले. "विद्यार्थ्यांनी ऐकलं, मान्य. अडतीस आणि अकरा. एकोणपन्नास. एक कमी, कानडे."

कानड्यांनी एकदा छताकडे, नव्या पत्र्याकडे पाहिले.

"सर," तनया पुढे आली, "पहिल्या अंकात काकू पाहुण्यांबद्दल काय म्हणाल्या?"

"न कळवता आल्यास दार उघडणार नाही," आनंदराव म्हणाले. "या नटांच्या बायकांना ऐकू येईना, पण मी ऐकलं. अगदी स्पष्ट."

सगळे त्यांच्याकडे पाहत राहिले. आनंदरावांच्या हातातले पेन कागदाच्या वर तसेच थांबले.

"मी तपासायला आलोय," ते म्हणाले.

"श्रोता म्हणजे ऐकणारा," कानडे अगदी हळू म्हणाले. "आपणच म्हणालात."

आनंदरावांनी दानपत्र उलटसुलट वाचले. तपासणाऱ्याला वगळावे असे त्यात कुठेही नव्हते. वडिलांनी ते नीट लिहिले असते तर ही वेळ आली नसती, असे काहीसे ते पुटपुटले आणि 'अकरा' खोडून त्यांनी 'पन्नास' लिहिले.

"तिकीट मात्र काढणार नाही," जाताना ते म्हणाले. "दात्याच्या घरच्यांना पास असतो."

दुसऱ्या दिवशी तालमीची गरज नव्हती. तीन वाजता नाट्यगृह इतके शांत होते की पंख्यांतला कोणता करकरतो तेही कळत होते. सव्वातीनला तनया कानड्यांच्या टेबलाशी आली आणि तिने अर्ज पुढे ठेवला. कालच्या गोंधळाची तक्रार असणार, म्हणून कानड्यांनी तो सावकाश उघडला.

'महोदय, आज तीन वाजल्यापासून सगळ्यांना झोप येत आहे. तरी तीन ते पाच तालीम पूर्ववत चालू करावी. नाटक मात्र नवीन असावे, हे पाठ झाले आहे.' खाली अडतीस सह्या होत्या.

"चष्मेवाल्याची सही नाही?" कानड्यांनी विचारले.

"त्यानं जागा सोडली, सर. त्याची खुर्ची मघाशी कालच्या एका आजोबांनी घेतली. घरी टीव्हीचा फार आवाज होतो म्हणे."

कानड्यांनी दारातून डोकावून पाहिले. एकोणचाळिसाव्या खुर्चीवर आनंदराव घैसास दोन पेने खिशात लावून वर्तमानपत्र वाचत बसले होते. फळीवर पावती उलटी करून ठेवली होती, आणि मागचा ३६५ दिवसांचा मजकूर त्यांनी आत्ताच वाचून संपवला असावा.