रकाबीतली सासू

भागाकाकूंचा दिवस एका सासूला रागावल्याशिवाय सुरू होत नसे. ही सासू त्यांची स्वतःची नव्हे. ती कोनाड्यात ठेवलेल्या चिनी मातीच्या रकाबीवर बसलेली होती.

"उठलीस का, बाई?" सडा टाकून आत आल्या की काकू रकाबीला विचारत. "पोरगी मरमर मरून राह्यली अन् तू आपली पुस्तक घेऊन बसलीस. उठून जळण तरी पुढं सार."

निजामाच्या अमदानीतलं आमचं भोकरदन. मी शाळेत मास्तर आणि काकूंचा शेजारी. काकूंचे यजमान तहसिलीत अहलकार, म्हणजे कारकून, होते. बदली होऊन निघालेल्या एका मोठ्या अंमलदारानं सामान आवरताना ती रकाबी त्यांना देऊन टाकली. पुढं यजमान गेले, रकाबी राहिली. तिच्यावर विलायतेतलं जुन्या काळचं घर हातानं रंगवलेलं होतं. विस्तवापाशी घेरदार झग्यातली एक तरुण बाई चहा ओतते आहे, पायाशी कुत्रं, आणि समोर उंच पाठीच्या खुर्चीत पांढरे कुरळे केस खांद्यावर सोडून, पुस्तक धरून बसलेली काकूंची ती सासू.

आता खरं सांगायचं तर तो पुरुष होता. पूर्वी तिकडचे बडे लोक पांढऱ्या केसांचे टोप घालत. हैदराबादेत शिकताना मी तसली चित्रं पाहिली होती, म्हणून शहाणपणा करून काकूंना सांगायला गेलो.

"मास्तर, गडी माणूस येवढे केस सोडून बसंल का?" काकू म्हणाल्या. "अन् चहा व्हायच्या आधी गडी घरात सापडतो का कधी? सासू हाय ती. बिलकुल सासू."

कुडापलीकडून आमच्या मंडळींनी "बरोबर आहे" म्हटलं आणि मी विषय सोडला.

काकूंसारखी बाई मी दुसरी पाहिली नाही. तहसिलीतला चपराशी पट्टा लावून दारात आला, तरी त्याला आधी पाय धुवायला लावत आणि मग काय काम आहे ते विचारत. राजूरच्या गणपतीला पायी निघालेलं कुणी त्यांच्या दारावरून उपाशी गेलं नाही. गावाला कोडं एकच होतं. स्वतः सासू असून ही बाई रोज रकाबीतल्या सुनेची बाजू का घेते?

एका कुडाचाच आडोसा, त्यामुळे मला कारण माहीत होतं. त्यांची सून कुसुम चार बुकं शिकलेली. एकदा चुलीपाशी ती वाचत बसली आणि दूध उतू गेलं. "पुन्हा दिसलं तर पुस्तक चुलीत घालीन," असं काकू रागाच्या भरात बोलून गेल्या. थोड्याच दिवसांत मुलानं जालन्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी धरली आणि दोघं निघून गेली. त्यानंतरच्या दिवाळ्या काकूंनी एकटीनं काढल्या. रकाबीतल्या सासूवर तोंड टाकायला त्यांनी सुरुवात केली ती तेव्हापासून.

अशात एका चतुर्थीला राजूरला दर्शनाला आलेली दोघं तशीच पुढं घरी आली. काकूंनी धावपळीत मलाही हाक मारली. कुसुम पाहुणीसारखी सतरंजीच्या कडेला बसली होती. दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या काकू त्या दिवशी चुलीपासून कोनाड्यापर्यंत नुसत्या येरझारा घालत होत्या. शेवटी त्यांनी कोनाड्यातली रकाबी काढून तिच्या हातात दिली.

"बघ. ही म्हातारी नुसती बसून राह्यली अन् पोरीला राबवून राह्यली. असं न्हाई करू माणसानं. मला लई उशिरा कळलं."

कुसुम रकाबी निरखू लागली आणि ही आता 'हा तर पुरुष' म्हणते की काय, असं मला वाटलं. ती शिकलेली, तिला तो टोप ओळखू येणारच होता. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, त्यावरून तिला तो कळल्याचं मी ओळखलं.

"पण आत्याबाई," ती हळू आवाजात म्हणाली, "सासू नुसती न्हाई बसली. चहा होईस्तोवर सुनेला वाचून दाखवून राह्यलीय."

काकूंनी रकाबी घेऊन डोळ्यांजवळ धरली आणि बराच वेळ पाहिली. "हे मला दिसलंच न्हाई," त्या म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले, रकाबी पुन्हा कुसुमच्या मांडीवर ठेवली आणि उठल्या.

"बस तू. चहा मी करते," चुलीकडं जाताना त्या म्हणाल्या. "अन् पिशवीत पुस्तक असंल तर काढ. मला इथवर ऐकू येईल असं वाच."